पंधरा फुटांवर इंजिन बंद पडलं तर? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शेतावर फवारणी करणाऱ्या हेलिकॉप्टरबद्दल मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके मेल आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. सांगलीच्या ताईंचा मेल सगळ्यात आधी घेतो.

प्रश्न: सर, माझा मुलगा २७ वर्षांचा आहे, न्यूझीलंडला असतो. तिथे डोंगरउतारावरच्या कुरणांत काटेरी झुडपं माजतात, त्यांच्यावर तो हेलिकॉप्टरने फवारणी करतो. दोन महिन्यांपूर्वी फवारणी चालू असताना इंजिन बंद पडलं आणि त्याने तिथेच कुरणात उतरवलं. एक स्किड, म्हणजे खालची टेकायची दांडी, वाकली, बाकी काही नाही म्हणाला. व्हिडिओ कॉलवर हसत हसत सांगितलं, "आई, काही नाही झालं गं, ट्रेनिंगमध्ये शिकवतात हे." पण विमानाला पंख असतात, ते तरंगत तरी येईल, हेलिकॉप्टरचं इंजिन बंद म्हणजे दगडच ना? ह्यांचं म्हणणं, नशीब म्हणून वाचला. मला खरं काय ते सांगा, मी घाबरणार नाही. – एक आई, सांगली

उत्तर: ताई, खरं तेच सांगतो आणि सगळं सांगतो. हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही. सायकल उतारावर असताना आपण पायडल मारायचं थांबवलं तरी मागचं चाक फिरतच राहतं की नाही, ते फ्रीव्हीलमुळे. तसंच फ्रीव्हील हेलिकॉप्टरच्या इंजिन आणि वरच्या पंख्याच्या, म्हणजे रोटरच्या मधे असतं. इंजिन बंद पडलं की ते आपोआप सुटं होतं, बंद पडलेलं इंजिन रोटरला धरून ठेवत नाही, रोटर मोकळा फिरत राहतो. आता हेलिकॉप्टर खाली यायला लागलं की खालून वर हवा येते आणि जत्रेतलं भिरभिरं वाऱ्यासमोर धरल्यावर जसं फिरतं तसा तो रोटर त्या हवेवर फिरतो. माधवीलतेचं तीन पंखांचं बी झाडावरून गरगरत हळूहळू खाली येताना बघितलं असेल तुम्ही, तोच प्रकार. फक्त पायलटला एक गोष्ट लगेच करावी लागते, सीटच्या डाव्या बाजूला गाडीच्या हँडब्रेकसारखा एक दांडा असतो, कलेक्टिव्ह म्हणतात त्याला, तो खाली करायचा, म्हणजे रोटरची पाती सपाट होतात आणि फिरण्याचा वेग टिकतो. याला आम्ही ऑटोरोटेशन म्हणतो. आणि हे प्रत्येक हेलिकॉप्टर पायलट लायसन्स मिळायच्या आधी डोकं दुखेपर्यंत करतो, इन्स्ट्रक्टर न सांगता थ्रॉटल बंद करतो आणि बघत बसतो पोरगा काय करतो ते.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण सांगतो. २१ जून १९७२ ला फ्रान्समध्ये झाँ बुले नावाच्या टेस्ट पायलटने लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंच नेलं, एव्हरेस्टच्याही साडेतीन किलोमीटर वर, आणि तिथे इंजिन विझलं, त्या थंडीत परत चालू झालं नाही. तो माणूस तिथून जमिनीपर्यंत नुसत्या ऑटोरोटेशनवर उतरला, सुखरूप. तेच लामा आपल्याकडे हिंदुस्तान एअरोनॉटिक्सने (एचएएल) बनवलं, चीता या नावाने, सियाचीनला जवानांना औषधं-रसद पोचवतं ते हेच. मी स्वतः त्यावर बरीच वर्षं उडलोय म्हणून जास्त जिव्हाळ्याने सांगतोय.

आता तुमच्या मुलाचं. बुलेकडे बारा किलोमीटर उंची होती, तुमच्या मुलाकडे बारा-पंधरा फूट असणार, कारण फवारणी तेवढ्यावरूनच करतात, नाहीतर औषध वाऱ्याने दुसऱ्याच्या रानात जातं. एवढ्या खाली कलेक्टिव्ह झटकन खाली केला तर हेलिकॉप्टर सरळ जमिनीवर आपटेल, म्हणजे उंचावर जी सवय जीव वाचवते तीच इथे घात करते. मग तो काय करतो, उजव्या हातातली काठी, सायक्लिक, अलगद मागे ओढतो. साधारण ताशी शंभर किलोमीटरचा वेग असतो, नाक वर आलं की तो वेग रोटरला मिळतो, रोटरचा फेरा टिकतो, हेलिकॉप्टर थोडं वर उचलतं, आणि त्या वर उचललेल्या क्षणात तो कलेक्टिव्ह जेवढा खाली करता येईल तेवढा करतो. जास्त ओढलं तर शेपूट जमिनीला लागते आणि शेपटीचा पंखा तुटतो, कमी ओढलं तर वेग राहतो आणि स्किड मातीत रुतून हेलिकॉप्टर पुढे उलथतं. त्याच वेळी इंजिनचा जोर गेल्यामुळे नाक एका बाजूला वळतं, अमेरिकन बनावटीचं असेल तर डावीकडे, मग उजवं पेडल दाबायचं, आपल्या चेतक-चीता हेलिकॉप्टरांत बरोब्बर उलटं. वेग मेला की सरळ करायचं आणि शेवटच्या तीन-चार फुटांत कलेक्टिव्ह वर ओढायचा, रोटरमध्ये जी काही ताकद शिल्लक असते ती तेव्हा खर्च होते, एकदाच मिळते ती, आणि हेलिकॉप्टर टेकतं. हे सगळं पाच-सात सेकंदांत, कानात रोटरचा वेग कमी झाल्याचा हॉर्न वाजत असताना. आर-४४ हे छोटं हेलिकॉप्टर असेल तर रोटरचा वेग नेहमीच्या ९७ टक्क्यांच्या खाली गेला की तो हॉर्न लगेच सुरू होतो.

म्हणून त्याचे बाबा म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. पुढे तारेचं कुंपण नव्हतं, विजेची तार नव्हती, घळ नव्हती, हे नशीब म्हणू. पण मला विचाराल तर तेही पूर्ण नशीब नसतं हो, चांगला फवारणी पायलट काम सुरू करायच्या आधी वरून दोन चकरा मारतो, तारा कुठे, उतार कुठे, वारा कुठून, आणि प्रत्येक पट्टा अशा दिशेने आखतो की समोर वारा राहील आणि पट्ट्याच्या कुठल्याही टोकाला बंद पडलं तर टेकायला जागा राहील. इंजिन बंद पडल्यावर पाच सेकंदांत कोणी जागा शोधत नाही, ती सकाळीच शोधलेली असते. एक स्किड वाकली आणि बाकी काही नाही याचा अर्थ तुमच्या पोराने ती शोधलेली होती. शाब्बास म्हणा त्याला माझ्यातर्फे.

दोन गोष्टी मात्र त्याला जरूर विचारा. एक, पाठीचा एक्स-रे किंवा एमआरआय केला का. अशा उतरण्यात धक्का सरळ वर मणक्यात जातो, मणका दबला तर पहिले काही दिवस अंग दुखतंय एवढंच वाटतं आणि पोरं गोळी खाऊन परत उडायला जातात. आणि दुसरं, झोप लागते का. मला माझ्या पहिल्या खऱ्या इंजिन फेल्युअरनंतर तीन आठवडे तो हॉर्न झोपेत ऐकू यायचा आणि मी घरी कोणाला बोललो नाही, आई विचारायची तर मीही हेच म्हणायचो, काही नाही झालं. बोलायला हवं होतं. तुम्ही त्याला खोदून विचारू नका, पण त्याच्याशी रोज दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोला, तो स्वतःच एक दिवस सगळं सांगेल आणि तेव्हा मधे न रडता ऐकून घ्या.

प्रश्न: मी नाशिकला एअरोनॉटिकलला आहे. तुम्ही लिहिलं होतं की फवारणीत सरळ पट्ट्यापेक्षा वळण जास्त धोक्याचं. पण वळताना तर हेलिकॉप्टर वर असतं, शंभर-दीडशे फूट. उंची जास्त म्हणजे वेळ जास्त ना? – एक विद्यार्थी

उत्तर: हा प्रश्न चांगला आहे, माझे स्वतःचे विद्यार्थी इथेच अडकायचे. कागद-पेन घे. ६० नॉट म्हणजे सेकंदाला साधारण ३१ मीटर. वेगाचा वर्ग भागिले दोन जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) केलास तर येतात जवळपास ४९ मीटर, म्हणजे १६० फूट. हवेचा अडथळा वगैरे सोडून दे, पण हिशेब असा की १५ फुटांवर ६० नॉटने जाणाऱ्या पायलटच्या खिशात अजून १६० फूट उंची आहे, एकूण १७५. आता पट्टा संपला, त्याने ओढून वर घेतलं, शंभर फूट गेला, वेग उरला २० नॉट, त्याचा हिशेब केलास तर येतात जेमतेम १८ फूट. एकूण ११८. म्हणजे वर गेलाय आणि गरीब झालाय.

आणि हे नुसतं ऊर्जेचं झालं. कमी वेगात, टाकी भरलेली असताना, वर चढत वळताना रोटर सगळ्यात जास्त पॉवर खात असतो, पात्यांचा कोन मोठा असतो, त्या क्षणी इंजिन गेलं तर रोटरचा वेग इतका भराभर उतरतो की आर-२२ सारख्या हलक्या रोटरच्या हेलिकॉप्टरमध्ये कलेक्टिव्ह खाली करायला सेकंद-दीड सेकंद मिळतो. त्यात पायलट अर्ध्या सेकंदात हे काय झालं असा विचार करतो. जुन्या बेल-४७ चा रोटर जड होता, त्यात थोडा जास्त वेळ मिळायचा, म्हणून जुने फवारणीवाले त्या हेलिकॉप्टरला अजून नावाजतात. जगात नागरी वापरासाठी सर्टिफिकेट मिळालेलं पहिलं हेलिकॉप्टर तेच, ८ मार्च १९४६, आणि शेतीच्या कामाला ते जवळपास लगेचच जुंपलं गेलं.

तुझ्या अभ्यासात हाइट-व्हेलॉसिटी डायग्राम येईल, उभ्या अक्षावर उंची, आडव्या अक्षावर वेग, आणि रेघा मारलेले दोन भाग, एक डावीकडे, कमी वेग आणि मधली उंची, दुसरा उजवीकडे खाली, जास्त वेग आणि जमिनीला चिकटून. त्या भागात इंजिन गेलं तर धड उतरणं फार अवघड. पायलट लोक त्याला मरणाची रेघ म्हणतात. आता फवारणीचा एक पूर्ण फेरा त्या कागदावर काढून बघ, पट्टा उजव्या भागात, वळण डाव्या भागात, दिवसात शंभर वेळा. छोट्या हेलिकॉप्टरला त्या भागात जायला नियमाने बंदी नसते, तो आलेख मॅन्युअलमध्ये परफॉर्मन्सच्या प्रकरणात माहिती म्हणून असतो, आणि काम तर तिथेच करायचं असतं. म्हणून चांगले पायलट पट्ट्याच्या शेवटी एकदम उभं ओढत नाहीत, थोडं पसरून, वेग ३५-४० नॉटच्या खाली न जाऊ देता वळतात, आणि वळण वाऱ्याच्या बाजूने असं घेतात की पाठीवर वारा कमीत कमी वेळ राहील. दिवसाला दोन एकर कमी होतात त्याने. होऊ देत.

प्रश्न: इंजिन असं अचानक का बंद पडतं? मेंटेनन्स करत नाहीत का लोक? आमचा ट्रॅक्टरसुद्धा बंद पडायच्या आधी कुरकुरतो. – एक वाचक, जळगाव

उत्तर: दादा, हेलिकॉप्टरचं इंजिनही बरेचदा कुरकुरतं, ऐकणारा पाहिजे. पण मी बघितलेल्या किंवा जवळून माहीत असलेल्या घटनांत इंजिनचा पार्ट तुटलाय असं कमी वेळा, इंधनाचा घोळ जास्त वेळा.

फवारणीत ओझं हा मोठा विषय. जितकं पेट्रोल कमी तितकं औषध जास्त, म्हणून वीस-पंचवीस मिनिटांपुरतं भरतात, दिवसातून पंधरा वेळा उतरून ट्रकवरून परत भरतात, बरेचदा रोटर फिरता ठेवूनच. ट्रक धुळीत, बांधावर उभा, रात्री दव पडलेलं, टाकीत पाणी साचतं. पाणी जड, ते तळाला बसतं आणि पहिल्यांदा इंजिनकडे तेच जातं. त्यासाठी रोज सकाळी टाकीच्या तळाच्या छोट्या कॉकमधून काचेच्या बाटलीत थोडं इंधन काढून उजेडात धरायचं असतं. पिस्टन इंजिनचं विमानाचं पेट्रोल निळसर असतं, आणि त्याच्या खाली पाणी असेल तर असा एक स्वच्छ थेंब, पाऱ्यासारखा, बाटली तिरकी केली की तळाशी घरंगळतो. एका सीझनला मी एका खाजगी ऑपरेटरकडे होतो, सकाळी साडेपाचला घाई, टेक्निशियन पोराने बाटली दाखवली, म्हणाला बघा सर एकदम क्लिअर, एक थेंब नाही. मी हो म्हणून चढणार इतक्यात सूर्य वर आला आणि लक्षात आलं की बाटलीत निळा रंगच नाहीये. थेंब दिसत नव्हता कारण अख्खी बाटलीच पाण्याची होती. त्या दिवशी आम्ही जवळपास दोन लिटर पाणी काढलं. ते पोरगं रडायला लागलं, त्याला मी रागावलो नाही, मी स्वतः हो म्हटलं होतं.

दुसरं कारण ऐकून लोकांना खरं वाटत नाही, बर्फ. भर उन्हाळ्यात, २५ डिग्रीला. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होते, वाफ होताना थंडावा येतो, माठातलं पाणी गार होतं तसंच, फक्त इथे तापमान वीस-वीस डिग्रीने खाली येतं आणि हवेत दमटपणा असेल तर आतल्या आत बर्फाचा थर बसून इंजिनचा श्वास कोंडतो. आता फवारणी कधी करतात? पहाटे, वारा पडलेला असताना, दव असताना. म्हणजे बर्फ व्हायला लागणारं सगळं हवामान हातात आणून देतात. म्हणून आर-२२ मध्ये कार्बोरेटरच्या हवेचा वेगळा काटा असतो, उणे १५ ते अधिक ५ डिग्री हा पट्टा पिवळा रंगवलेला, काटा त्या पिवळ्यात राहता कामा नये, गरम हवेचा नॉब ओढून बाहेर काढायचा. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनला हा त्रास नाही.

टर्बाइन, म्हणजे जेटच्या जातीचं इंजिन असेल तर वेगळी दुखणी. युरियाची भुकटी, औषधाचे तुषार, धूळ हे सगळं इंजिन आत ओढतं, आत हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांवर थर बसतो, पाती गंजतात. संध्याकाळी दमून आल्यावर कॉम्प्रेसर धुवायचा कंटाळा येतो, आणि तिथेच ते बिघाडाचं बी पडतं. मेंटेनन्स करतात लोक, बहुतेक जण अगदी मनापासून करतात, पण सीझनचे सहा आठवडे, शेतकरी फोनवर फोन करतोय, पाऊस यायचाय, त्या घाईत एक दिवस राहून जातं.

प्रश्न: २०२० मध्ये टोळधाड आली तेव्हा बाडमेरला हेलिकॉप्टरने फवारणी केली असं वाचलं होतं. ते एका इंजिनचं होतं म्हणे. दोन इंजिनचं का नाही वापरत? – एक वाचक, अमरावती

उत्तर: हो, बेल २०६-बी३ होतं ते, एक टर्बाइन इंजिन, एक पायलट. ३० जून २०२० ला तेव्हाचे कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांनी ग्रेटर नोएडाहून त्याला रवाना केलं, बाडमेरच्या उत्तरलाई हवाई तळावर ठेवलं होतं, एका खेपेत २५० लिटर औषध आणि २५ ते ५० हेक्टर क्षेत्र. हवाई दलाने मग मोठी एमआय-१७ पण फवारणीसाठी तयार केली, ती दोन इंजिनची. तुमच्या अमरावतीकडे, नागपूरकडे मे महिन्यात टोळ आले तेव्हा मात्र ट्रॅक्टरचे पंप आणि अग्निशमनचे बंबच धावले होते, ते तुम्ही बघितलंच असेल.

एक इंजिन का, तर वजन आणि खर्च. छोट्या हेलिकॉप्टरला दुसरं इंजिन लावलं की औषधाची निम्मी टाकी गेलीच समजा. आणि दोन इंजिनं असली तरी गिअरबॉक्स एकच, शेपटीचा पंखा एकच, आणि विजेची तार इंजिनं मोजत नाही. फवारणीच्या पायलटला इंजिनपेक्षा तारेची भीती जास्त असते आणि ती बरोबरच आहे, इंजिन गेलं तर निदान पाच सेकंद मिळतात.

वाळवंटाचं म्हणाल तर जमीन सपाट, मोकळी, एका अर्थाने इंजिन फेल्युअरसाठी बरी जागा. पण जून-जुलैत तापमान ४५ ला टेकतं, गरम हवा विरळ होते, रोटरला पकड कमी मिळते, म्हणजे इंजिन बंद पडल्यावर जास्त वेगाने खाली येणार. आणि शेवटी नाक वर करून थांबवताना रोटरखालून जी वाळू उसळते त्यात पायलटला स्वतःचं स्किडसुद्धा दिसत नाही, नेमकं जेव्हा तीन फूट का सहा फूट हे कळायला हवं तेव्हा. त्यात खेजडीची झाडं, पवनचक्क्या, आणि टोळ पहाटे झाडांवर बसलेले असतानाच मारायचे म्हणजे अर्धवट उजेडात उडायचं. ज्यांनी ते काम केलं त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, पेपरात त्यांचं नाव कुठे आलं नाही.

प्रश्न: आता ड्रोन दीदी आल्या, गावोगावी ड्रोन आले. हेलिकॉप्टरने फवारायची गरजच काय? – बारामतीहून

उत्तर: आपल्याकडे नाहीच गरज, बहुतेक ठिकाणी. आपली रानं दोन-चार एकराची, बांधाला बांध, मधे तारा, विहिरी, घरं, तिथे दहा लिटरचा ड्रोनच बरा. जपानने तर हे फार आधी ओळखलं, त्यांच्या भातखाचरांसाठी यामाहाने १९८७ मध्येच आर-५० नावाचं विनापायलट हेलिकॉप्टर काढलं. ड्रोनची मोटर गेली तर नुकसान पैशाचं होतं. पण न्यूझीलंडसारख्या ठिकाणी शेकडो हेक्टर डोंगर एका सकाळी मारायचा असतो, तिथे अजून माणूसच जातो. आणि औषध कोणतंही यंत्र टाको, ते वाऱ्याने कुठे जातंय हे बघितलं नाही तर काय होतं ते केरळच्या कासरगोडने भोगलंय, काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं, खालच्या वस्त्यांत पोरं आजारी जन्मली, शेवटी २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर बंदी घातली. ड्रोन घेणाऱ्यांनी ही गोष्ट माहीत करून घ्यावी असं मला फार वाटतं.

प्रश्न: सर, आम्ही शिरोळचे. फवारणीची हेलिकॉप्टर आमच्याकडे येत नाहीत, पण २०१९ च्या पुरात डोक्यावरून कितीतरी गेली, इलेक्शनला पण येतात. समजा एखादं आमच्या उसात नाहीतर रानात असं उतरलं, तर आम्ही काय करायचं? – एक शेतकरी

उत्तर: दादा, हे विचारलंत ते फार बरं केलंत, कारण पहिले पाच मिनिटं तिथे पोलीस नसतात, डॉक्टर नसतो, तुम्ही असता.

पहिलं म्हणजे धावत जाऊन चिकटायचं नाही. रोटर इंजिन बंद झाल्यावरही बराच वेळ फिरतो आणि मंद झाला की पाती खाली वाकतात, वाऱ्याच्या झोताने तर माणसाच्या छातीपर्यंत येतात. पाती पूर्ण थांबू द्या. मग समोरून जा, पायलटला दिसाल असे, वाकून. शेपटीकडून कधीच नाही, तो छोटा पंखा फिरताना दिसतच नाही. रान उताराचं असेल तर वरच्या अंगाने जाऊ नका, त्या बाजूला पाती जमिनीच्या जवळ असतात, खालच्या अंगाने जा. उसात उतरलं असेल तर अजून सावध, ऊस आडवा होऊन रोटरला लागलेला असतो, तुकडे उडालेले असतात, पायाखाली बघा.

विजेची तार तुटून पडली असेल किंवा हेलिकॉप्टरला अडकली असेल तर जवळ जायचंच नाही, ओल्या रानात तर बिलकुल नाही, आधी लाइनमनला फोन करून लाइन बंद करा, सोबत ११२ ला फोन. आतल्या माणसाला तिथूनच ओरडून सांगा, तार आहे, आतच बस. फक्त आग लागली तर वेगळी गोष्ट.

पेट्रोलचा वास येत असेल तर बिडी-काडी नाही, मोबाइलवर शूटिंग करणारी पोरं लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. गर्दी पांगवायला गावातला एक दमदार आवाजाचा माणूस नेमा, त्याने दुसरं काहीच करायचं नाही. फवारणीचं हेलिकॉप्टर असेल तर औषध सांडलेलं असणार, पायलटचे कपडे भिजलेले असतील तर हातात प्लास्टिकची पिशवी घालून कपडे काढा, साबण आणि भरपूर पाणी, मोटर चालू करून पाइप धरला तरी चालेल, कारण ही औषधं कातडीतून अंगात जातात. त्याला मळमळ, घाम, तोंडाला फेस, डोळ्यांची बाहुली बारीक असं काही दिसलं तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की फवारणीचं औषध आहे, डबा सापडला तर लेबलचा फोटो सोबत द्या.

पायलट जागेवर बसलेला असेल, बोलत असेल, आग नसेल, तर त्याला ओढून काढू नका. आपली माणसं प्रेमाने लगेच काखेत हात घालून उचलतात, पण वर ताईंच्या उत्तरात सांगितलं तसा मणका दबलेला असू शकतो, उचलताना कायमचं अपंगत्व येऊ शकतं. हेल्मेट काढू नका, मान स्थिर ठेवा, पाठीमागे कोणीतरी उभं राहून दोन्ही हातांनी डोकं धरून ठेवा, त्याच्याशी बोलत राहा. पाणी मागितलं तर ओठ ओले करा, प्यायला देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. आग लागली तर मात्र मणक्याचा विचार करायचा नाही, बेल्ट कापा आणि बाहेर काढा, कोयता तुमच्याकडे असतोच.

माणसं बाहेर काढायला, आग विझवायला जे हलवावं लागेल ते हलवा, त्यापलीकडे एक पत्रासुद्धा जागचा हलवायचा नाही, आठवण म्हणून तर मुळीच उचलायचा नाही. तपास करणारे लोक येतात तेव्हा त्यांना पात्यांचे तुकडे कुठे पडले, स्किडचा पहिला ओरखडा मातीत कुठे आहे यावरून इंजिन केव्हा गेलं, रोटर किती वेगाने फिरत होता हे सगळं कळतं. तुमच्या उसाचं नुकसान होईल, त्याचे फोटो काढून ठेवा, तलाठ्याला बोलावून पंचनामा करून घ्या, भरपाई मागायला तो उपयोगी पडतो. आणि पायलट शुद्धीवर असेल तर नाव-गाव विचारायच्या आधी त्याला एकच विचारा, आत अजून किती जण होते.